सहा नंबरचा दात

दातांच्या त्या कारखान्यात एकशे चाळीस माणसं कामाला होती आणि त्यांत प्रोग्रामर एकच. बाकीचे सगळे त्याला तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'यादीवाला'. नाव पडण्याचं कारण अगदी सरळ होतं. कोणीही त्याच्या खोलीत जाऊन म्हणालं की आमच्या खात्यासाठी कॉम्प्युटरवर अमुक एक सोय करून द्या, की हा गृहस्थ पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "यादीत टाकतो." आणि खरोखर टाकायचा. तेरा वर्षांत त्याने एकाही माणसाला नाही म्हटलं नव्हतं. यादी दोनशे चौदावर गेली होती. त्यातल्या किती मागण्या पुऱ्या झाल्या हे मात्र त्याला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की तो जेवायला निघून जायचा.

आळशी म्हणाल तर तसा तो नव्हता. कारखान्याचा सगळा कारभार ज्यावर चालायचा तो जुना मोठा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता, आणि तो रोज सकाळी कुठेतरी कण्हत असायचा. इकडे ठिगळ लावावं तर तिकडे उसवायचं. दिवसभर त्याची नाडी बघण्यात वेळ जायचा. नवीन काही करायला सवड मिळायची ती रविवारी, आणि रविवारी बायको घरची यादी पुढे करायची.

कारखान्याचं काम तसं नाजूक. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात. तो वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसतो, आणि मग तो ट्रे प्लास्टर, मेण, सिरॅमिक आणि पॉलिश अशा चार खोल्या हिंडून शेवटी दात होऊन बाहेर पडतो. हे ट्रे उतरायचे दरवाज्यापाशीच्या लांब टेबलावर, आणि त्या टेबलामागे गेली एकोणीस वर्षं ट्रेताई बसत होत्या. चष्म्याला दोरी, कानामागे पेन्सिल आणि आवाज इतका हळू की चिडलेला डॉक्टरही फोनवर त्यांचं ऐकायला आधी गप्प बसायचा.

दात पांढरे असतात हा आपला बाळबोध समज. या धंद्यात पांढऱ्याचे सोळा प्रकार असतात आणि त्यांचे सोळा नमुन्याचे दात एका पट्टीवर ओळीने लावलेले असतात. डॉक्टरांनी कोणता नमुना जुळतो ते कळवलं, की ट्रेताई आपल्या पट्टीवरून नेमका तो नमुन्याचा दात काढायच्या आणि रबरबँडने ट्रेला बांधून द्यायच्या. सिरॅमिकच्या खोलीतले रंगमास्तर तो नमुना खिडकीतल्या उजेडात धरून त्या रंगाचा दात घडवायचे. मग नमुना परत यायचा. म्हणजे यायला हवा असायचा. प्रत्यक्षात तो कोणाच्या खिशात, कोणाच्या जेवणाच्या डब्यात, आणि एकदा तर पॉलिशवाल्याच्या घरी धुण्यात सापडला होता. कोणता नमुना कुठे आहे हे कळण्याची काहीतरी सोय करा, असं ट्रेताईंनी प्रोग्रामरला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. यादीत त्यांचा नंबर एकशे सदतीस होता.

अशा या सुखाच्या संसारात धाकट्या मॅडम आल्या. त्या मालकांची मुलगी. वडिलांनी निवृत्ती घेतली आणि मॅडमनी पहिल्याच महिन्यात एक लो-कोड प्लॅटफॉर्म आणला. म्हणजे प्रोग्राम लिहायचाच नाही. पडद्यावर तयार चौकोन असतात. एक चौकोन माहिती भरायचा, एक फोटोचा, एक 'असं झालं तर तसं कर' म्हणणारा. बोटाने ओढायचे, बाणाने जोडायचे, की झालं ॲप तयार. जेवणाच्या हॉलमध्ये तीन तासांचं शिक्षण झालं आणि मॅडम म्हणाल्या की ज्याचं काम त्यालाच नीट ठाऊक असतं, तेव्हा ज्याने त्याने आपलं ॲप आपणच करावं.

प्रोग्रामरला त्यांनी वेगळं बोलावलं. प्रत्येक नवं ॲप तुम्ही तपासायचं आणि फॉर्मवर 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढं लिहून सही करायची, असं सांगितलं. मग अगदी गोड हसून त्या म्हणाल्या की दोन महिन्यांनी एका शुक्रवारी आपण बसू आणि कारखान्याला स्वतःचा प्रोग्रामर ठेवायची गरज आहे का ते ठरवू. त्याचं वय सेहेचाळीस. तेरा वर्षं ज्या प्रोग्रामची नाडी धरली तो प्रोग्राम जगात दुसऱ्या कुठल्याच दारी चालत नव्हता, आणि आता तो या दारीही नकोसा झाला तर हे ज्ञान घेऊन जायचं कुठे?

ट्रेताईंनी आपलं ॲप नऊ दिवसांत केलं. दुपारच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर, असं. तपासायला प्रोग्रामर गेला तेव्हा त्याच्या चालीत एक प्रकारचा उत्साह होता. आकडा मागितलेल्या जागी त्याने अक्षरं भरली. ॲपने नम्रपणे नाही म्हटलं. एकच बटण चारदा दाबलं. ट्रे एकच निघाला. कालची तारीख घातली, साचा न येताच आल्याचं दाखवलं, मध्येच फोन बंद केला. सगळ्याला उत्तर तयार होतं. ट्रेताईंनी शांतपणे सांगितलं की डॉक्टर लोक हे सगळं रोज करतात, त्यात नवीन काय. एकोणीस वर्षांत माणूस किती तऱ्हेने चुकू शकतो याचा त्यांचा अभ्यास पुरा झाला होता.

शेवटी त्याला एक रकाना सापडला. त्यावर नुसतं 'माणूस' असं लिहिलं होतं आणि त्यात ट्रेताई वाटेल ते लिहीत होत्या. हा कशाला, याने कुठलीच खोली काही करत नाही, काढून टाका, असं त्याने सुचवलं. ट्रेताई म्हणाल्या, "मला लागतो." सही करून तो परत आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्याने त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने विचारलं की चार वर्षांचं काम नऊ दिवसांत झालं यात वाईट नक्की काय झालं, आणि त्याला लगेच एक फोन आठवला जो करायचा राहिला होता.

मग कारखान्यात जणू साथच आली. प्लास्टरवाल्यांनी ॲप केलं, मेणवाल्यांनी केलं, पोचवणाऱ्यांनी तीन केली कारण त्यांचं आपसांत पटत नव्हतं. एकाने चहाच्या यंत्रापुढची रांग लावणारं ॲप काढलं. पॉलिशच्या खोलीत खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर मतदान घेणारं ॲप निघालं आणि सात विरुद्ध सात मतं पडल्यामुळे खिडकी अर्धी राहिली. रंगमास्तर, ज्यांना फोन वाजला की दचकायला व्हायचं, त्यांनीसुद्धा एका बोटाने आपल्या खोलीचं ॲप उभं केलं. दीड महिन्यात एकतीस ॲप झाली. प्रोग्रामर एकतीस वेळा सही करून मोकळा झाला. आपल्या दोनशे चौदांच्या यादीतल्या साठेक मागण्यांवर त्याला काट मारावी लागली, आणि त्यातली एकही त्याने पुरी केलेली नव्हती.

आता शेवटचं मोठं काम उरलं होतं. ट्रेताईंचं ॲप आणि रंगमास्तरांचं ॲप एकमेकांना जोडायचं. प्लॅटफॉर्मवर ते सोपं होतं, दोघांमध्ये एक बाण ओढला की ट्रेताईंनी लिहिलेला रंगाचा नंबर मास्तरांच्या पडद्यावर उमटणार. म्हणजे नमुना बांधायला नको, रबरबँड नको, हरवाहरवी नको. जोडणी बुधवारी संध्याकाळी सुरू व्हायची होती, गुरुवारी सकाळी पहिले ट्रे तशा रीतीने भट्टीत जाणार होते आणि शुक्रवारी मॅडमची बैठक. ट्रेताईंनी एक नंबरचे तीन ट्रे पाठवून चाचणीही घेतली होती. तिन्ही दात सुरेख आले.

मंगळवारी दुपारी प्रोग्रामर सिरॅमिकच्या खोलीत गेला. खरं सांगायचं तर तेरा वर्षांत तो त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता, आणि तेही चूक शोधायला. खोली छोटी, उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीपाशी मास्तरांचं स्टूल आणि समोरच्या फळीवर भुकटीच्या सोळा बाटल्या. मास्तर मान वर न करता काम करत होते. प्रोग्रामर उगाच बाटल्यांकडे बघत उभा राहिला. बाटल्यांवर मास्तरांच्या हाताने एक ते सोळा नंबर लिहिले होते. पहिली सगळ्यांत उजळ होती आणि मग पायरी पायरीने शेवटची सगळ्यांत गडद.

त्याला काहीतरी खटकलं. ट्रेताईंच्या पट्टीवर दात असे नव्हते. तिथे आधी तपकिरी छटेचे पाच, मग पिवळसर, मग राखाडी, अशी एकेका घराण्याची रांग होती, आणि ट्रेताईंनी त्याच रांगेने नंबर दिले होते. त्याने खोलीत परत जाऊन चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही याद्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या. सोळा रंग तेच, नंबर मात्र वेगळे. एक नंबर दोघांचा जवळजवळ सारखा, म्हणून चाचणी पास झाली होती. ट्रेताईंचा सहा म्हणजे सोळांतला सगळ्यांत पांढरा, आणि मास्तरांचा सहा राखेकडे झुकलेला. ट्रेताईंचा पंधरा साधा मध्यम होता, तर मास्तरांचा पंधरा मुरलेल्या चहाच्या डागासारखा.

एकोणीस वर्षं ही दोन माणसं एकमेकांपासून वीस पावलांवर वेगवेगळे नंबर मोजत होती आणि कधी काही बिघडलं नव्हतं, कारण त्यांच्यामध्ये नंबर जातच नव्हता. जायचा तो खराखुरा दात, रबरबँडने बांधलेला. बाण बिचारा सहा उचलून सहा म्हणून नेऊन ठेवणार होता. त्याला दाताशी काय देणंघेणं?

उठावं, वीस पावलं चालावं आणि सांगावं, एवढंच काम होतं. प्रोग्रामर उठला नाही. त्याच्या मनात आलं की गुरुवारी तेवीस ट्रे जाणार, शुक्रवारी भलत्याच रंगाचे दात टेबलावर येणार आणि मग मॅडमना आपोआप कळणार की प्रोग्रामर कशाला लागतो. हा विचार त्याला स्वतःलाच आवडला नाही, पण त्याने तो हाकलूनही दिला नाही. जोडणीआधी पुन्हा सही करायचे फॉर्म दोन होते, एकेका ॲपचा एकेक. ट्रेताईंचं ॲप चालतं का? चालतं. मास्तरांचं? तेही चालतं. दोघांची जोडी चालते का, असा प्रश्न फॉर्मवर छापलेलाच नव्हता. साडेचारला त्याने दोन्हीकडे 'चालतं' लिहून सही केली आणि मूग गिळून घरी गेला.

बुधवारी तो सगळ्यांशी फार गोड वागला. ट्रेताईंना त्याने आपणहून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटलं की यांना कळलं. कळलं काहीच नव्हतं, त्या फक्त नमस्काराने चकित झाल्या होत्या.

संध्याकाळी जेवण व्हायच्या आधी तो टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला. बायको समोर वह्या तपासत होती. उद्या कोणकोणते ट्रे फसणार ते बघावं म्हणून त्याने ट्रेताईंचं ॲप उघडलं. त्याला तपासनीस म्हणून बघता यायचं, बदलता काही येत नसे. यादीत तेवीस ट्रे होते आणि प्रत्येकापुढे तो रिकामटेकडा रकाना, 'माणूस'. ट्रेताई डॉक्टरांशी फोनवर बोलताना जे कानावर पडे ते तिथे लिहीत होत्या.

एका ट्रेपुढे लिहिलं होतं, 'लिफ्टमध्ये आरसा आहे म्हणून जिन्याने जातात. चौथा मजला.' दुसऱ्यापुढे, 'लग्नाच्या फोटोत ओठ मिटलेले. परत काढायचा म्हणतात.' तिसऱ्यापुढे, 'शिटी वाजवता येत होती, आता येत नाही.' आणि एकापुढे, 'पुढचे दोन, रंग सहा. आजी आहेत. बोलताना तोंडावर हात धरतात. नात विचारते हात का.'

सहा. उद्या त्या आजींना राखेच्या रंगाचे दोन दात मिळणार होते आणि तो हात तोंडावरून हलणार नव्हता. प्रोग्रामरने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. बायकोने विचारलं काय झालं. त्याने आधी काही नाही म्हटलं आणि मग सगळं सांगितलं, मंगळवारचे चार दहा आणि साडेचार दोन्ही.

तिने लाल पेन वहीवर ठेवलं आणि ती म्हणाली, "फळ्यावर माझी चूक झाली की दोनतीन मुलं ती बघतात, गालात हसतात आणि गप्प बसतात. ज्यांना गणित येत नाही त्यांचं मला काही वाटत नाही. या मुलांचं वाटतं."

त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच त्याने ट्रेताईंना फोन लावला, पण त्या डॉक्टरांच्या जाचाला कंटाळून फोन टेबलाच्या खणात ठेवून घरी जायच्या. मास्तर अनोळखी नंबर उचलायचे नाहीत. मॅडमना फोन करणं म्हणजे बैठकीच्या दोन दिवस आधी स्वतःच्या हाताने गळ्यात धोंडा बांधणं. तेवढी हिंमत त्याला झाली नाही. नंबर काढून तो बघत राहिला आणि शेवटी बायकोने वह्या बाजूला सारून ताटं मांडली.

सिरॅमिकची खोली सातला उघडायची. एरवी साडेनऊला येणारा माणूस गुरुवारी सात पंचविसाला धापा टाकत दारात उभा राहिला तेव्हा पहारेकऱ्याने त्याचं ओळखपत्र दोनदा बघितलं. तोवर पहिला घाणा भट्टीत गेला होता, दोन ट्रे, पाच दात. दुसरा घाणा मास्तरांच्या हातात होता. प्रोग्रामरने त्यांचा हातच धरला. मास्तरांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कामाच्या वेळी कोणी हात लावला नसावा. ते रागावायचंच विसरले.

ट्रेताई आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर पट्टी आणि सोळा बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. त्यांनी एकदा इकडून तिकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. भट्टीतले पाच दात बाहेर आले. त्यांतले दोन आजींचे. राख फासल्यासारखे ते दिसत होते. मास्तरांनी ते दोन बोटांत धरून उजेडाला लावले आणि हळूच फडक्यात गुंडाळले. संध्याकाळपर्यंत पाचही नवे करतो, म्हणाले. दात पोचवायला अजून दोन दिवस हातात होते, तेव्हा रुग्णांना कळायचंही काही कारण नव्हतं.

दुरुस्तीला ट्रेताईंना सात मिनिटं लागली. नंबरच काढून टाकला त्यांनी. त्याच्या जागी पट्टीवरच्या दाताचा फोटो आणि घराण्याचं नाव बसवलं, मास्तरांना दाखवलं, मास्तर हो म्हणाले. प्रोग्रामर शेजारी उभा राहून बघत होता. त्याने मनात रंगवलेल्या शुक्रवारी दुरुस्ती त्यालाच करावी लागायची, आठवडाभर, कपाळाला हात लावून. प्रत्यक्षात त्याला कोणी खुर्चीही विचारली नाही.

मग ट्रेताई म्हणाल्या की जोडणी सुरू झाल्यापासून आणखी कुठले ट्रे पुढे सरकलेत ते बघून घेऊ. कोणी, कधी, काय उघडलं याची नोंद हा प्लॅटफॉर्म न सांगताच ठेवायचा. त्या बोट फिरवत खाली खाली गेल्या. बुधवार गेला, मंगळवार आला. बोट थांबलं. त्यांनी मास्तरांना चहा घेऊन या म्हणून पाठवलं, आणि मास्तर, जे कोणाच्या सांगण्यावरून कधी उठत नसत, ते निमूटपणे उठून गेले.

"चार दहाला तुम्ही माझी यादी उघडलीत," ट्रेताई म्हणाल्या. "आणि त्याच वेळी मास्तरांची. शेजारी शेजारी."

त्याने पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघितलं.

"साडेचारला 'चालतं' लिहिलंत."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्याने सांगितलं, "हो. दिसलं होतं मला. मला वाटलं शुक्रवारी सगळ्यांना दिसू दे. म्हणजे मला ठेवतील."

"आणि दात?"

"दातांचा विचारच केला नाही. काल तुमचा तो रकाना वाचला, तेव्हा केला."

ट्रेताईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. त्या म्हणाल्या, "मी चार वर्षं तुमच्या दारात येत होते. त्या चार वर्षांत तुम्ही एकदा तरी या टेबलाशी आला असतात, तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं तुम्हाला. ओरडावंसं वाटतंय मला, पण मला येत नाही ओरडता." मग त्या पुन्हा चष्मा लावून ट्रे उचलू लागल्या. उद्या मॅडमनी विचारलं तर तुम्ही काय सांगणार, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. दिवसभर तो खोलीत बसून राहिला. कोणी मागणी घेऊन आलं नाही.

शुक्रवारी अकराला मॅडमच्या काचेच्या खोलीत मॅडम, ट्रेताई आणि तो असे तिघं बसले. मॅडमच्या हातात दोन फॉर्म होते. त्यांनी हसतच सुरुवात केली की काल सकाळी तुम्ही धावत येऊन मोठी फजिती टाळलीत असं मास्तर सांगत होते, आणि मास्तर एवढं बोलले याचंच मला नवल वाटलं. म्हणजे प्रोग्रामर लागतो म्हणायचा तर.

झाकली मूठ होती. तशीच ठेवली असती तर सव्वालाखाची ठरली असती. त्याने ट्रेताईंकडे बघितलं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. त्या सांगणार नाहीत हे त्याला त्याच क्षणी कळलं. आणि तेच त्याला सोसेना.

"गुरुवारी नाही कळलं मला," तो म्हणाला. "मंगळवारीच कळलं होतं. कळल्यावर वीस मिनिटांनी मी 'चालतं' लिहून सही केली. मुद्दाम गप्प बसलो."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी फॉर्म टेबलावर उलटे ठेवले आणि बराच वेळ काचेबाहेर बघितलं. बाहेर पोचवणारे डबे भरत होते आणि दोघंजण चहाच्या यंत्रापुढे रांगेवरून वाद घालत होते. मग त्यांनी त्याला काहीच न विचारता ट्रेताईंना विचारलं की हे तुम्हाला ठाऊक होतं का. ट्रेताई हो म्हणाल्या. मग यांचं काय करायचं, तुम्हीच सांगा, मॅडम म्हणाल्या.

चार वर्षं ज्यांना त्याने यादीत टाकून ठेवलं होतं त्यांच्याच हाती आता त्याची खुर्ची होती. त्याला भीती वाटली आणि भीतीबरोबर एक विचित्र हलकेपणाही वाटला, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

ट्रेताई नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या, आणि मॅडमना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"ॲप आम्ही करू. आम्हाला जमतं. पण आपली चूक आपल्याला दिसत नाही, मला नाही दिसली, मास्तरांना नाही दिसली. यांना दिसते. म्हणून ठेवा. फक्त दिसल्यावर सांगायला यांना दोन दिवस लागतात. ती खोली काढून घ्या यांची. माझ्या टेबलाशी बसवा."

मॅडमनी त्याच्याकडे बघून विचारलं, चालेल का. फॉर्मवर इतक्या वेळा सहज लिहिलेला शब्द त्याच्या तोंडून फुटेना. त्याने नुसती मान हलवली.

मग सोमवारपासून बसतो, असं तो कसाबसा म्हणाला. ट्रेताई तोपर्यंत उठल्याही होत्या.

"सोमवार कशाला," त्या म्हणाल्या. "साडेअकराची गाडी येईल आता, चाळीस ट्रे आहेत. खुर्ची घेऊन या."